शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, असें आपल्याकडे म्हणतात. स्वयंपाकघरांत हा नियम बिनचूक आहे. एकाच भांड्यांत, एकाच पाण्यांत, एकाच आंचेवर शिजलेल्या भाताचें एक शीत बोटांनीं चेपून पाहिलें, कीं बाकीच्या शितांचें वर्तमान कळतें. परंतु हाच नियम इंग्लंडमधील फुटबॉलचे शौकीन दरवर्षीं ऑगस्ट-सप्टेंबर महिन्यांत आपापल्या संघाला लावतात, आणि त्या परीक्षेवर एका माणसाचें भवितव्य ठरवूं पाहतात. तो माणूस म्हणजे संघाचा मॅनेजर. ही परीक्षा कितपत न्याय्य असते, आणि पाठीराख्यांनीं ती करावी तरी कशी, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे. उदाहरणादाखल मीं मँचेस्टर युनायटेड हा एकच क्लब घेतला आहे. एक तर त्याचें नांव आपल्याकडील शाळकरी मुलांनाहि ठाऊक आहे. आणि दुसरें असें, कीं हंगामाच्या आरंभीं बांधलेले अंदाज कसे फळतात व कसे फसतात, याचे दाखले त्याच्या इतिहासांत विपुल आहेत.

आधीं या 'मॅनेजर' शब्दाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. बँकेचा किंवा गिरणीचा मॅनेजर आपल्या परिचयाचा आहे. इंग्लिश फुटबॉलमधला मॅनेजर त्याहून निराळा. कोणते अकरा खेळाडू मैदानांत उतरवायचे, कोणत्या पद्धतीनें खेळायचें, कोणाला विश्रांति द्यायची, हें तो ठरवतो. आणि कोणता खेळाडू विकत घ्यावा व कोणता विकून टाकावा, यांतहि पूर्वीं बहुधा त्याचाच शब्द अखेरचा असे. अलीकडे खरेदीविक्रीचा हा अधिकार पुष्कळ क्लबांत निराळ्या अधिकाऱ्यांकडे वांटला गेला आहे. पराभवाची जबाबदारी मात्र वांटली गेलेली नाहीं. संचालक मंडळ प्रेक्षकांना दिसत नाहीं, मालक कित्येकदां परदेशांत राहतो. मैदानाच्या कडेला पावसांत भिजत उभा असलेला हा एकच गृहस्थ सर्वांना दिसतो, आणि सर्वांचा रोष त्याच्याकडेच धांव घेतो.

आतां पाठीराख्याकडे वळूं. मँचेस्टर युनायटेडचा जन्म १८७८ सालीं न्यूटन हीथ येथील रेल्वे कारखान्याच्या कामगारांनीं काढलेल्या संघांतून झाला. १९०२ मध्यें त्याला हल्लींचें नांव मिळालें. अशा क्लबाची निष्ठा बापाकडून मुलाकडे उतरत येते. कोल्हापुरांतील श्रोत्यांना हें फोड करून सांगावयास नको. पाटाकडील तालीम किंवा शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना पाहावयास शाहू स्टेडियमवर जाणारा माणूस आपला संघ बाजारांतून निवडून आणीत नाहीं. पेठेबरोबरच तो संघ त्याच्या वांट्याला येतो. नाटक आवडलें नाहीं तर प्रेक्षक दुसऱ्या नाट्यगृहाची वाट धरूं शकतो. फुटबॉलच्या पाठीराख्याला ती सोय नाहीं. खेळाडू येतात आणि जातात, मालकी हस्तांतरित होते, मॅनेजर तर मुदतीच्या करारावरच आलेला असतो. त्या जागीं वर्षानुवर्षें कायम राहणारा असा तो एकटाच. म्हणून मॅनेजरविषयीं मत बाळगण्याचा आणि तें बोलून दाखविण्याचा त्याचा हक्क मला पूर्णपणें मान्य आहे. वाद आहे तो पुराव्याचा.

ऑगस्ट महिन्यांत हा पुरावा किती असतो? इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्यें आज वीस क्लब आहेत. प्रत्येकाला अडतीस सामने खेळावे लागतात; ऑगस्टमध्यें सुरू झालेला हंगाम मे महिन्यांत संपतो, आणि तळाचे तीन क्लब खालच्या विभागांत जातात. पहिल्या दिवशीं सर्वांच्या नांवापुढें शून्य गुण असतात. सबंध हंगामाचें तिकीट मात्र हजारों लोकांनीं उन्हाळ्यांतच, एकहि सामना न पाहतां, विकत घेतलेलें असतें. पैसे आधीं आणि माल मागाहून, अशा व्यवहारांत गिऱ्हाइकाचा जीव टांगणीला लागणें स्वाभाविकच होय. मग पहिल्या दोन-तीन सामन्यांवरून तर्क सुरू होतात. एक म्हणतो, "या खेपेस निराळेंच पाणी दिसतें आहे." दुसरा म्हणतो, "गेल्या वर्षींहि तूं हेंच म्हणत होतास." तिसरा कागद-पेन्सिल घेऊन पुढल्या सहा सामन्यांचे गुण मांडतो आणि नाताळापर्यंत मॅनेजर टिकेल कीं नाहीं हें सांगतो. गंमत अशी, कीं तिघांचाहि सूर एका विजयानें किंवा एका पराभवानें बदलतो.

१९८५ सालची गोष्ट घ्या. रॉन ॲटकिन्सन हे तेव्हां युनायटेडचे मॅनेजर होते. त्यांच्या संघानें लीगमधले पहिले दहा सामने लागोपाठ जिंकले आणि पहिल्या पंधरांत एकहि गमावला नाहीं. क्लबाला लीगचें अजिंक्यपद मिळून त्या वेळीं अठरा वर्षें लोटलीं होतीं. तेव्हां शरद् ऋतूंतच लोकांनीं मनांतल्या मनांत गुढ्या उभारल्या असतील, तर त्यांना दोष कसा द्यावा? दहा शितें चेपलीं आणि दहाहि मऊ लागलीं; याहून अधिक खातरी ती कोणती? परंतु पुढें दुखापती झाल्या, खेळाचा जोर ओसरला, आणि मे महिन्यांत लिव्हरपूल अजिंक्य ठरला तेव्हां युनायटेड चौथ्या क्रमांकावर, बारा गुणांनीं मागें होता. पुढचा हंगाम लागोपाठ तीन पराभवांनीं उघडला, आणि नोव्हेंबर १९८६ मध्यें ॲटकिन्सन यांना जावें लागलें.

त्यांच्या जागीं स्कॉटलंडमधील ॲबर्डीन क्लबाकडून ॲलेक्स फर्ग्युसन आले. तीनच वर्षांपूर्वीं, १९८३ मध्यें, त्यांच्या ॲबर्डीननें युरोपांतील चषकविजेत्यांच्या स्पर्धेंत रेआल माद्रिदला अंतिम सामन्यांत हरविलें होतें. अर्थात् अपेक्षा मोठी होती. पहिल्या वर्षीं संघ अकरावा आला, दुसऱ्या वर्षीं दुसरा, आणि तिसऱ्या वर्षीं पुन्हा अकरावा. १९८९ च्या उन्हाळ्यांत बराच पैसा खर्चून नवे खेळाडू आणले गेले, आणि १९ ऑगस्ट रोजीं पहिल्याच सामन्यांत युनायटेडनें आर्सेनलचा ४-१ असा धुव्वा उडविला. आर्सेनल हा आदल्या हंगामाचा विजेता! त्या सायंकाळीं मँचेस्टरमध्यें ज्याला निराशा वाटली असेल, असा पाठीराखा विरळाच.

पुढें काय झालें? सप्टेंबरच्या आरंभीं नवा खेळाडू नील वेब इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातर्फे खेळतांना टाचेची शीर तुटून जायबंदी झाला. त्याच महिन्याच्या २३ तारखेला शेजारच्या मँचेस्टर सिटीनें युनायटेडला ५-१ असें लोळविलें. डिसेंबरांत युनायटेडच्या स्वतःच्या मैदानावर एक फलक झळकला; तीन वर्षें सबबी ऐकल्या, तरी दुर्दशा कायमच आहे, आतां रामराम घ्या, असा त्याचा आशय होता. हा फलक पुढें फार प्रसिद्ध झाला आणि तो लिहिणाऱ्याच्या अज्ञानाचें उदाहरण म्हणून वारंवार सांगितला जातो. मला तें पटत नाहीं. ऑगस्टमधील एका शितावर तो माणूस बोलत नव्हता. सबंध तीन वर्षांचा हिशेब त्याच्यापुढें होता, आणि तो हंगाम संपतांना युनायटेड लीगमध्यें तेराव्या क्रमांकावर राहिला, म्हणजे तेवढ्यापुरतें त्याचें म्हणणें खोटेंहि ठरलें नाहीं.

मग तो चुकला कोठें? मैदानांतील बाकावरून जें दिसत नव्हतें, तें त्याच्या हिशेबांत नव्हतें. फर्ग्युसन यांनीं आल्याबरोबर खेळाडूंच्या मद्यपानाला आळा घालण्याचा प्रयत्न चालविला होता. होतकरू मुलें हुडकून काढण्याची व्यवस्था नव्यानें उभी केली होती. १९८७ च्या नोव्हेंबरांत, रायन गिग्ज नांवाच्या मुलाच्या चौदाव्या वाढदिवशीं, ते स्वतः त्याच्या घरीं गेले आणि सिटीच्या शिबिरांत खेळणारा तो मुलगा त्यांनीं युनायटेडकडे आणला. हा मुलगा पहिला लीग सामना खेळला तो १९९१ मध्यें. १९८९ च्या डिसेंबरांतील प्रेक्षकाला त्याची किंमत कोठून कळावी? ती कळण्याची जागा संचालक मंडळाची. आणि मंडळानें फर्ग्युसन यांना ठेवलें. ७ जानेवारी १९९० रोजीं एफ. ए. चषकाच्या सामन्यांत मार्क रॉबिन्स या तरुण खेळाडूच्या एका गोलानें नॉटिंगहॅम फॉरेस्टचा पराभव झाला. हा सामना हरले असते तर फर्ग्युसन यांची नोकरी गेली असती, अशी दंतकथा आहे. क्लबाचे त्या वेळचे अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स यांनीं ती मागाहून नाकारली. तें कसेंहि असो, मे महिन्यांत क्रिस्टल पॅलेसबरोबर अंतिम सामना ३-३ असा बरोबरींत सुटला, आणि फेरसामन्यांत ली मार्टिन याच्या एकमेव गोलानें चषक युनायटेडला मिळाला. त्यानंतरचा इतिहास सर्वश्रुत आहे: १९९३ ते २०१३ या काळांत लीगचीं तेरा अजिंक्यपदें.

यांतील पहिलें अजिंक्यपदहि कसें मिळालें तें पाहण्याजोगें आहे. १९९२ च्या ऑगस्टमध्यें युनायटेडनें पहिले दोन्ही सामने गमावले आणि तिसरा बरोबरींत सोडविला. ज्या संघानें १९८५ मध्यें पहिले दहा सामने जिंकले तो चौथा आला. आणि ज्यानें १९९२ मध्यें पहिल्या तिहींत एकहि जिंकला नाहीं, त्यानें सव्वीस वर्षांचा दुष्काळ संपविला. १९९५ मध्यें तोच प्रकार. तीन नामांकित खेळाडू विकले गेले, त्यांच्या जागीं पोरसवदा मुलें उतरविलीं गेलीं, आणि पहिल्याच सामन्यांत ॲस्टन व्हिलानें ३-१ असा पराभव केला. त्या रात्रीं दूरचित्रवाणीवर लिव्हरपूलचे माजी कर्णधार ॲलन हॅन्सन यांनीं, पोरांच्या बळावर कांहीं जिंकतां येत नसतें, असा अभिप्राय दिला. मे महिन्यांत त्याच पोरांनीं लीग आणि चषक दोन्ही जिंकले. हॅन्सन हे कांहीं अनभिज्ञ गृहस्थ नव्हते. खेळांतले जाणते होते. एका शितानें जाणत्यालाहि फसविलें, इतकाच त्याचा अर्थ.

फुटबॉलचा भात असा कां फसवितो, याचीं कारणें उघड आहेत. पहिलें कारण, ऑगस्टमध्यें सगळे तांदूळ भांड्यांत पडलेले नसतात. एरिक कांतोना हा फ्रेंच खेळाडू, ज्यानें १९९२-९३ च्या हंगामाचा रंग पालटला, तो लीड्सकडून युनायटेडमध्यें आला नोव्हेंबरांत. दुसरें कारण, आंच सारखी नसते. एका संघाच्या वांट्याला आरंभींच बलाढ्य प्रतिस्पर्धी येतात, दुसऱ्याला नुकतेच वर चढलेले दुबळे. तिसरें कारण या खेळाच्या प्रकृतींतच आहे. क्रिकेटच्या एका सामन्यांत शेंकडों धांवा होतात, त्यांत एखादा अपघात पचून जातो. फुटबॉलच्या सामन्यांत दोन-तीन गोल म्हणजे पुष्कळ झाले. तेव्हां खांबाला लागून बाहेर गेलेला एक चेंडू किंवा पंचानें दिलेली एक पेनल्टी सबंध निकाल फिरवूं शकते. अडतीस सामन्यांत असे अपघात पुष्कळसे फिटतात. तीन सामन्यांत ते फिटतीलच असें नाहीं.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, कीं मग पाठीराख्यांनीं मुकाट्यानें धीर धरावा, म्हणजे झालें. परंतु श्रोतेहो, १९९० च्या या कथेचा हा जो बोध काढला जातो, तोच पुढें युनायटेडच्या गळ्यांत धोंड होऊन पडला. २०१३ मध्यें फर्ग्युसन निवृत्त झाले. निरोपाच्या वेळीं त्यांनीं मैदानावरून लोकांना सांगितलें, कीं माझ्या वाईट काळांत तुम्ही माझ्या पाठीशीं राहिलांत, आतां नव्या मॅनेजरच्या पाठीशीं राहणें हें तुमचें काम. नवे मॅनेजर डेव्हिड मॉइझ यांच्याशीं क्लबानें तब्बल सहा वर्षांचा करार केला. पहिल्या लीग सामन्यांत स्वान्सीवर ४-१ असा विजय मिळाला. १९८९ च्या ऑगस्टमधलाच आंकडा! पुढें मात्र पराभवामागून पराभव आले. तरीहि पाठीराख्यांनीं मोठा संयम दाखविला. मार्च २०१४ मध्यें कांहीं रागावलेल्या लोकांनीं मॉइझ यांना काढा अशा अर्थाचा फलक विमानाला बांधून मैदानावरून फिरविला, तेव्हां खालीं बसलेल्या प्रेक्षकांपैकीं पुष्कळांनीं त्या विमानाचीच हुर्यो केली. इतकें करून संघ सातव्या क्रमांकावर राहिला, आणि एप्रिलमध्यें मॉइझ यांना काढण्यांत आलें.

म्हणजे धीर धरणें हा सद्गुण असला, तरी तो पुरावा नव्हे. फर्ग्युसन यांना वेळ मिळाला म्हणून ते मोठे झाले हें खरें; पण ज्यांना ज्यांना वेळ मिळतो ते ते फर्ग्युसन होतात, असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. वेळ मिळूनहि ज्यांच्या हातून कांहीं झालें नाहीं, अशांच्या कथा कोणी सांगत बसत नाहीं, म्हणून त्या आपल्या कानांवर येत नाहींत.

मग खरी परीक्षा कोणती? याचें उत्तर मला २०२४ सालच्या घटनांत दिसतें. एरिक टेन हाग हे तेव्हां मॅनेजर होते. २०२३-२४ च्या हंगामांत युनायटेड लीगमध्यें आठवा आला. चौदा सामने हरला. सत्तावन गोल केले आणि अठ्ठावन्न करवून घेतले. परंतु २५ मे रोजीं त्याच संघानें एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यांत मँचेस्टर सिटीला २-१ असें हरविलें. त्या एका रम्य दुपारच्या प्रभावाखालीं अडतीस सामन्यांचा हिशेब मागें पडला आणि टेन हाग यांचा करार वाढविण्यांत आला. नवा हंगाम एका विजयानें सुरू झाला; पण सप्टेंबरमध्यें स्वतःच्याच मैदानावर लिव्हरपूलकडून आणि टॉटनहॅमकडून प्रत्येकीं ०-३ असा पराभव झाला. पहिल्या नऊ सामन्यांत आठ गोल आणि अकरा गुण, क्रमांक चौदावा. आणि २८ ऑक्टोबर रोजीं टेन हाग यांना निरोप. येथें सप्टेंबरचें शीत खरें निघालें. तें खरें कां निघालें? एकट्याच्या बळावर नव्हे. आदल्या वर्षींच्या अडतीस सामन्यांनीं जें सांगितलें होतें, तेंच तें पुन्हा सांगत होतें. त्या वर्षीं फसवें शीत जर कोणतें असेल, तर तें मे महिन्यांतील चषकाचें. मात्र येथेंहि एक सावधगिरी हवी. नवे मॅनेजर रूबेन अमोरिम आले, आणि तो हंगाम संपतांना युनायटेड पंधरावा राहिला. पूर्वींचा स्वयंपाकी गेला, एवढ्यानें धान्य बदलत नाहीं.

यावरून पाठीराख्यानें हंगामाच्या आरंभीं स्वतःला तीन प्रश्न विचारावे, असें मला सुचवावेसें वाटतें. जें आज दिसतें आहे तें गेल्या वर्षभराच्या अनुभवाशीं जुळतें, कीं त्याच्या विरुद्ध जातें? जुळत असेल तर त्याला वजन द्यावें. विरुद्ध जात असेल, मग तें सुखाचें असो वा दुःखाचें, तर थांबावें. दुसरा प्रश्न, पराभव झाला तो नव्या कारणानें, कीं त्याच त्या दोषानें? एखाद्या शनिवारीं बचावांत भगदाड पडलें, तर तो अपघात असूं शकेल. चार शनिवार तेंच भगदाड राहिलें, तर तें बुजविणें ज्याचें काम त्याला जाब विचारणें न्याय्य आहे. तिसरा प्रश्न, दोन गोल अंगावर चढल्यावर खेळाडू काय करतात? चेंडू गेल्यानंतर जे परत धांवत येतात, त्यांचा आपल्या मॅनेजरवर अजून विश्वास आहे. जे एकमेकांकडे हातवारे करीत उभे राहतात, त्यांचा बहुधा उडालेला असतो. ही शेवटची गोष्ट गुणतक्त्यांत कधीं दिसत नाहीं. ती फक्त मैदानावर जाणाऱ्याला दिसते, आणि याच बाबतींत सामान्य पाठीराखा संचालकांहून अधिक विश्वसनीय साक्षीदार असतो.

साक्षीदाराला एक पथ्यहि पाळावें लागतें. भांड्यावरचें झांकण घडोघडीं उघडून पाहिलें, तर वाफ निघून जाते आणि भात कच्चा राहतो. हजारों लोकांची हुर्यो ही केवळ मतप्रदर्शन नसते. ती खेळाडूंच्या पायांपर्यंत पोहोंचते, आणि आपणच वर्तविलेल्या अपयशाला आपणच हातभार लावतों. शिवाय मॅनेजर हा माणूस आहे. त्याच्या कामावर टीका करावी, ती कठोरहि असावी. त्याच्या घरच्या माणसांवर आणि त्याच्या देशावर शिव्यांचा भडिमार करण्यानें क्लबाचा एकहि गुण वाढत नाहीं.

शेवटीं मॅनेजर एका दिवशीं जातो. यशस्वी असो वा अयशस्वी, सन्मानानें असो वा अपमानानें. दुसऱ्या शनिवारीं त्याच्या जागीं दुसरा कोणी उभा असतो. पाठीराखा मात्र आपल्या ठरलेल्या जागीं, ठरलेल्या शेजाऱ्यापाशीं येऊन बसतो, आणि पहिल्या शितावरून पुन्हा अंदाज बांधूं लागतो. त्यानें तो अवश्य बांधावा. अंदाज बांधण्याच्या आनंदासाठींच तर इतक्या थंडीवाऱ्यांत तो तेथें येतो. निकाल देण्यापूर्वीं मात्र त्यानें भात शिजूं द्यावा.